बालकांचे इसब आणि ‘सौम्य’ या शब्दाची जबाबदारी

नातेपुते आणि भोवतालचा माळशिरस तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. नीरा उजव्या कालव्यामुळे येथील शिवार हिरवे झाले. परंतु हवेचा कोरडेपणा कालव्याने जात नाही. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतची बोचरी हवा आणि त्यामागोमाग येणारा कडक उन्हाळा या काळात गाल फुटलेली, कोपराच्या व गुडघ्याच्या लवणीत लाल चट्टे उठलेली, रात्रभर अंग खाजवून स्वतः न झोपणारी व घरच्यांनाही झोपू न देणारी लहान बालके येथील वैद्यांकडे नित्य येतात. त्यांच्या मातांच्या पिशवीत बहुधा चार-पाच वस्तू आधीच जमलेल्या असतात. कडुनिंबाचा साबण, डाळीच्या पिठाचे उटणे, सुवासिक मालिश तेल, पावडरचा डबा आणि कोणीतरी दिलेले बिननावाचे मलम. या प्रत्येक वस्तूची शिफारस करताना कोणी ना कोणी ‘हे अगदी सौम्य आहे, नैसर्गिक आहे’ असेच सांगितलेले असते.

या ‘सौम्य’ शब्दाचा आपण वैद्यांनी आणि औषधनिर्मात्यांनी गंभीरपणे विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझे मत प्रारंभीच स्पष्ट करतो. बालकाच्या इसबात एखादी वस्तू सौम्य आहे की नाही हे तिचा उगम वनस्पतीत आहे किंवा कारखान्यात आहे यावरून ठरत नाही. ती वस्तू फुटलेल्या त्वचेवर काय करते यावरून ठरते. या कसोटीवर आपल्या परंपरेतील काही वस्तू उत्तम उतरतात आणि काही उतरत नाहीत. जे उतरत नाही ते बाजूला ठेवण्याचे धैर्य आपण दाखवले, तरच जे उतरते त्यावर लोकांचा विश्वास टिकेल.

व्याधीचे स्वरूप

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील कुष्ठचिकित्सिताध्यायात क्षुद्रकुष्ठांमध्ये विचर्चिकेचे वर्णन केले आहे. कंडू, श्याव वर्णाच्या पिडका आणि स्राव ही तिची लक्षणे आपणा सर्वांना परिचित आहेत. परंतु स्तनपान करणाऱ्या व नुकतेच अन्न घेऊ लागलेल्या बालकाच्या बाबतीत अधिक जवळचे वर्णन काश्यपसंहितेत ‘चर्मदल’ या नावाने येते. तेथे दुष्ट स्तन्याबरोबरच घाम, उष्मा, वस्त्राचे घर्षण आणि मलमूत्राचा संपर्क अशा बाह्य हेतूंचा विचार केलेला आहे, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. बालकाची त्वचा सुकुमार असते आणि नित्याच्या व्यवहारातील क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीही तिला पीडा देतात, हे त्या आचार्यांनी हेरले होते.

आधुनिक संशोधनाने याच बाजूला बळ दिले आहे. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, त्वचेचा बाह्य थर घट्ट ठेवणाऱ्या ‘फिलॅग्रिन’ नामक प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या व्यक्तींत इसबाचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. आपल्याकडील जुन्या माळवदाच्या घराचे उदाहरण घ्यावे. भिंत उभी असते, पण गिलावा झडलेला असतो. मग आतली ओल उडून जाते आणि बाहेरची धूळ व मुंग्या आत शिरतात. इसबाच्या बालकाची त्वचा अशी गिलावा झडलेली भिंत असते. सर्वच रुग्णांत हा जनुकदोष असतो असे नाही. परंतु त्वचेचे आवरण दुर्बळ असणे हे सर्वांत समान आहे. म्हणून नित्याच्या उपचाराची सूत्रे दोनच राहतात : गिलावा आणखी खरवडू नये आणि स्नेहाने तो लिंपत राहावे. पहिले सूत्र म्हणजे आपले निदानपरिवर्जन व दुसरे म्हणजे स्नेहन.

निदानापूर्वी एक सावधगिरी आवश्यक आहे. सदाशिवनगर, अकलूज भागातील साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे कोप्यांतून दाटीने राहतात. तेथील बालकाला खाज आहे म्हणून लगेच इसब म्हणू नये. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आणि घरातील इतरांनाही तोच त्रास असेल तर ती खरूज समजावी व सर्व कुटुंबावर एकाच वेळी उपचार करावेत. खरजेवर नुसता स्नेह लावत बसणे हा कालापव्यय होय.

पाणी, साबण आणि धुरी

या भागात विहिरी व कूपनलिकांचे पाणी बहुधा मचूळ किंवा जड असते. अशा पाण्यात साबण नीट फेसाळत नाही. क्षारांशी मिळून त्याचा चिकट साका होतो व तो त्वचेवर राहतो. फेस येत नाही म्हणून माता आणखी साबण चोळते आणि दोष वाढतो. निरोगी त्वचेचा सामू पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो; नेहमीच्या साबणाचा नऊ ते दहा, म्हणजे स्पष्ट क्षारधर्मी असतो. साबणात कडुनिंब, तुळस किंवा हळद घातल्याने हा क्षारधर्म नाहीसा होत नाही. वेष्टनावर पान छापलेले असले तरी आतील वडी साबणाचीच असते.

यावर पाणी सौम्य करणारे महागडे यंत्र बसवावे काय, असे काही सधन पालक विचारतात. इंग्लंडमध्ये जड पाण्याच्या प्रदेशातील ३३६ बालकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा यंत्रामुळे इसबात अधिक सुधारणा दिसली नाही. पालकांचा हा खर्च आपण वाचवावा. पाणी बदलता येत नसेल तर साबण कमी करता येतो, आणि त्याला काहीच खर्च नाही. दररोज एकदा, कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांचे स्नान पुरेसे आहे. साबण लावायचाच तर काख, जांघ व मळलेले हातपाय एवढ्यापुरता, आणि तोही साबणविरहित, त्वचेच्या सामूशी जुळणाऱ्या वडीचा. स्नानाच्या पाण्यात घालावयाची खास तेले व द्रावणेही अनावश्यक आहेत. ब्रिटनमधील ४८२ बालकांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा द्रावणांचा अधिक लाभ आढळला नाही. स्नानानंतर अंग टिपून घ्यावे, पुसून काढू नये, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच स्नेह लावावा.

बाळंतिणीच्या खोलीतील शेक-शेगडी आणि ओवा-वेखंडाची धुरी यांविषयीही स्पष्ट बोलावयास हवे. बंद खोलीतील धूर व उष्मा इसबाच्या बालकाला हितकर नाही. टाळूवर व अंगावर चोळलेले वेखंडाचे चूर्ण फुटलेल्या त्वचेस झोंबते. माणदेशाच्या या सीमेवर थंडीत बाळाला घोंगडीत गुंडाळण्याची रीत आहे. घोंगडी उबदार खरी, पण तिचा केस टोचतो. घोंगडी व बाळ यांच्यामध्ये जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याची घडी असली की ऊबही राहते आणि घर्षणही टळते. आजीच्या मायेचा मान राखून हे सर्व सांगता येते. ‘तुमचे चुकले’ असे म्हणण्यापेक्षा ‘या बाळाची कातडी नाजूक आहे, याच्यापुरते असे करू’ असे सांगितले की घरातील वडीलधारी माणसे ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

उटण्याचा प्रश्न

आता ज्या मुद्द्यावर आपल्यापैकी काहींचा माझ्याशी मतभेद होईल, त्याकडे वळतो. बाळाला न्हाऊ घालणारी बाई हरभऱ्याच्या किंवा मसुरीच्या डाळीचे पीठ, साय व हळद यांनी अंग चोळते. अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवते. निरोगी बालकाला हे बहुधा सोसते. इसबाच्या बालकाला मात्र यात दोन धोके आहेत. पहिला घर्षणाचा, आणि तो उघड आहे. दुसरा अधिक सूक्ष्म व अधिक गंभीर आहे.

२००३ मध्ये ब्रिटनमधील गिडियन लॅक यांच्या संशोधक गटाने दाखवून दिले की, ज्या बालकांच्या इसबावर शेंगदाणा तेल असलेली मलमे लावली गेली होती, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक आढळली. याच गटाने २०१५ मध्ये दुसरी बाजू मांडली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या चार ते अकरा महिने वयाच्या ६४० बालकांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित खाऊ घातले व निम्म्यांना त्यापासून दूर ठेवले. पाचव्या वर्षी दूर ठेवलेल्या गटात सुमारे १७ टक्के बालकांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. खाणाऱ्या गटात सुमारे ३ टक्क्यांना. याचा अर्थ असा की, जे अन्न मुखावाटे सात्म्य होते, तेच फुटलेल्या त्वचेवाटे शिरले तर असात्म्य होऊ शकते. अन्नाचे द्वार मुख आहे, त्वचा नव्हे.

हे केवळ शेंगदाण्यापुरते नाही. जपानमध्ये चहाच्या नावाने विकला जाणारा एक लोकप्रिय, सौम्य म्हणून गाजलेला चेहऱ्याचा साबण होता. त्यात गव्हाचे विघटित प्रथिन घातलेले होते. त्याच्या वापराने दोन हजारांहून अधिक व्यक्तींना गव्हाची ॲलर्जी जडली. वर्षानुवर्षे पोळी-पावासारखे पदार्थ निर्वेधपणे खाणाऱ्या स्त्रियांना ते खाल्ल्यावर अंगावर गांधी उठू लागल्या, काहींना श्वास कोंडण्यापर्यंत त्रास झाला, आणि २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला. त्या साबणात कोणतेही भयंकर रसायन नव्हते. रोजच्या जेवणातले धान्य होते.

म्हणून इसबाच्या बालकाच्या त्वचेवर डाळीचे पीठ, कणीक, साय, दूध व शेंगदाणा तेल लावू नये, असे मी ठामपणे सांगतो. यात शास्त्राचा अनादर नाही. उद्वर्तन हे कफ-मेद कमी करणारे, रूक्षतेकडे नेणारे कर्म आहे. ज्या बालकाची त्वचा आधीच रूक्ष व क्षत आहे, तेथे त्याचा प्रयोग शास्त्रतःही समर्थनीय नाही. बाळाला न्हाऊ घालणे हा संस्कार राहू द्यावा, पीठ तेवढे काढावे.

याच न्यायाने मातेच्या आहारावर घातलेली सरसकट बंधनेही तपासून पाहावीत. ‘स्तन्यदुष्टी’ या शब्दाचा आधार घेऊन दूध, अंडी, शेंगदाणे, डाळी, वांगी, टोमॅटो असे एकेक पदार्थ बंद करत गेल्यास बाळंतीण भाजी-भाकरीवर येते. बाळाची खाज तशीच राहते, आणि मातेचे बल मात्र जाते. विशिष्ट पदार्थानंतर बाळाला निश्चित त्रास होतो असे पुनःपुन्हा दिसले तरच तो पदार्थ ठराविक काळ वगळावा व नंतर पुन्हा देऊन पाहावा. तीव्र इसबाच्या बालकाला शेंगदाण्यासारखा पदार्थ प्रथम देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, तो कूट किंवा पातळ स्वरूपातच द्यावा, अखंड दाणा कदापि देऊ नये.

स्नेह कोणता द्यावा

आता जे लावावे त्याविषयी. सोलापूर जिल्हा करडईचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. पारंपरिक वाणांच्या करडई तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक असते, आणि त्वचेचे आवरण सांधण्यासाठी हेच मेदाम्ल लागते. पुण्यातील संशोधकांनी २००५ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२० नवजात बालकांचे तीन गट केले होते, एका गटाला करडई तेलाचा, दुसऱ्याला खोबरेल तेलाचा अभ्यंग दिला, तिसऱ्याला दिला नाही. अभ्यंगाने त्या त्या तेलातील मेदाम्ले बालकाच्या रक्तात पोचतात, असे त्यात दिसले. तो अभ्यास इसबाचा नव्हता, हे लक्षात ठेवावे. परंतु बालकाच्या त्वचेवर लावलेली वस्तू वरच राहत नाही, हे त्याने सिद्ध केले. तेल चांगले असेल तर ही आनंदाची गोष्ट आहे. तेलात सुगंध, रंग व भेसळ असेल तर तीच चिंतेची होय.

खोबरेल तेलाविषयी प्रत्यक्ष इसबावरचा पुरावा उपलब्ध आहे. फिलिपीन्समध्ये ११७ बालकांवर आठ आठवडे झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध, न तापवता काढलेल्या खोबरेल तेलाने खनिज तेलापेक्षा अधिक सुधारणा झाली. ही बालके सौम्य व मध्यम इसबाची होती. तीव्र इसबाला हा निष्कर्ष लावू नये. ऑलिव्ह तेलाची मात्र आपल्या शहरी ग्राहकांत जी प्रतिष्ठा आहे ती अनाठायी आहे. २०१३ मधील अभ्यासात त्याने त्वचेचे आवरण दुर्बळ होते असे आढळले. करंज तेल व कडुनिंब तेल उग्र आहेत. ती लहान बालकाच्या क्षत त्वचेवर नकोत.

शतधौत घृत हा आपल्या शास्त्राचा या संदर्भातील खास ठेवा आहे. गोघृत ताम्रपात्रात शंभर वेळा पाण्याने धुतले असता ते शुभ्र, मऊ व शीत होते. दाह व रूक्षता यांवर ते सुखद आहे. परंतु ते इसब समूळ बरे करते असा दावा करू नये. ते श्रमसाध्य आहे; त्यात पाण्याचा अंश राहतो, त्यामुळे ते फार दिवस टिकत नाही व खवट होते. ते थोडे थोडे, ताजे करावे, तारीख घालून द्यावे आणि बाळाच्या तोंडात जाणार नाही असे पाहावे. दुधाची ॲलर्जी असलेल्या बालकास ते लावू नये, कारण तुपात दुधाच्या प्रथिनांचा अल्पांश राहू शकतो आणि वर उटण्याविषयी सांगितलेला नियम येथेही लागू होतो.

ब्रिटनमध्ये ५५० बालकांवर लोशन, क्रीम, जेल व घट्ट मलम या चार प्रकारांची तुलना झाली व २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चारही प्रकारांच्या परिणामात लक्षणीय फरक नव्हता. जो स्नेह कुटुंबाला परवडतो, आवडतो व रोज लावला जातो, तोच उत्तम. गरीब मजुराच्या बाळाला साधे पेट्रोलियम जेली परवडत असेल, तर ते वैद्याने विनासंकोच सांगावे. ते आपल्या संहितेत नाही म्हणून बाळाला अपायकारक ठरत नाही. मात्र निरोगी बालकाला जन्मापासून रोज मलम लावल्याने पुढे इसब होतच नाही, असे सांगून कोणी माल विकू नये. १,३९४ बालकांच्या २०२० मधील ब्रिटिश चाचणीत तसे घडले नाही.

स्राव वाहत असताना, त्वचा ओली व क्लेदयुक्त असताना, तेल थोपू नये, हा आपला सामावस्थेचा नियम येथेही पाळावा. अशा वेळी आधी जंतुसंसर्ग आहे का हे पाहणे आवश्यक असते.

औषधालयांनी काय करावे

माझ्या औषधालयचालक मित्रांना मी एक साधे गणित करावयास सांगतो. ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार इसबाच्या बालकाला आठवड्याला २५० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक स्नेह लागतो. आपल्या बहुतेक मलमांची डबी २५ ग्रॅमची असते. म्हणजे आठवड्याला दहा डब्या. कोणती माता दहा डब्या घेईल? ती एक घेते, चट्ट्यांवर बोटाच्या टोकाने पुरवून पुरवून लावते, गुण येत नाही आणि ती म्हणते, आयुर्वेदाने काही झाले नाही. यात दोष औषधात नसून डबीच्या मापात असतो. सुगंधरहित, रंगरहित, दोन किंवा तीन घटकांचे साधे मलम अर्धा किलोच्या डब्यात, परवडेल अशा दरात मिळाले पाहिजे. त्यात नफा कमी असेल. परंतु वर्षभर परत येणारे कुटुंब हा कोणत्याही दुकानाचा खरा नफा असतो.

दुसरी बाब लेबलाची. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियम १६१ नुसार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर सर्व घटकांची खरी यादी व प्रमाण देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अनेक लेबलांवर वनस्पतींची नावे ठळक असतात आणि शेवटी ‘बेस – आवश्यकतेनुसार’ एवढेच लिहिलेले असते. सुगंध, परिरक्षक व रंग या एका शब्दामागे लपतात. आणि बालकाच्या त्वचेला त्रास बहुधा यांचाच होतो. ‘बेस’ उघडून लिहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे. १९९९ मध्ये लंडन येथे तपासलेल्या ११ चिनी वनस्पतिजन्य मलमांपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. २००३ मध्ये बर्मिंगहॅम येथे इसबाच्या बालकांनी वापरलेली २४ वनस्पतिजन्य मलमे तपासली असता २० मध्ये स्टेरॉइड आढळले. पालकांनी ती नैसर्गिक म्हणूनच आणली होती. हे परदेशातील आकडे आहेत म्हणून आपण निश्चिंत राहू नये. जे बिननावाचे मलम तीन दिवसांत बाळाचे गाल स्वच्छ करते आणि थांबवताच दुप्पट जोराने त्रास उलटतो, त्याविषयी प्रत्येक वैद्याने संशय धरावा. असे मलम ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकणारा माणूस केवळ एका बाळाला नव्हे, तर संपूर्ण शास्त्राला क्षती पोचवतो.

मोठ्या कंपन्यांचा मालही नियमनाच्या कक्षेबाहेर नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन्स बेबी पावडरच्या मुलुंड येथील उत्पादनाचा परवाना रद्द केला होता. पुणे व नाशिक येथे घेतलेले नमुने सामूच्या निकषात बसले नाहीत, हे कारण देण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रशासनाचे आदेश रद्द ठरवले. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. परंतु बालकाच्या वस्तूचा सामू हा राज्य प्रशासनाच्या व उच्च न्यायालयाच्या विचाराचा विषय होऊ शकतो, तर आपल्या लहान औषधालयांनी आपापल्या बालतेलाची, बालसाबणाची व चूर्णाची तपासणी स्वतःहून करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. आणि पावडर कोणत्याही नावाची असो, ती इसबाला मुळीच नको. ती त्वचा आणखी कोरडी करते व श्वासावाटे फुप्फुसात जाते.

वैद्याची मर्यादा व कर्तव्य

स्नेह व निदानपरिवर्जन यांनी सौम्य इसबाचे बरेच रुग्ण शांत राहतात, सर्व नव्हे. दाह वाढला असता अल्प शक्तीचे स्टेरॉइड मलम, थोडे दिवस, योग्य देखरेखीखाली वापरणे हे बालकाच्या हिताचे असते. त्याविषयी पालकांच्या मनात भय निर्माण करणे हा आयुर्वेदाचा प्रचार नव्हे. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १४ स्टेरॉइड मलमे परिशिष्ट ‘एच’च्या बंधनाखाली आणली, ती दुकानातून मनास येईल तशी घेतली जात होती म्हणून. दोष अविवेकी वापराचा आहे. ‘ते विष, आमचे अमृत’ ही भाषा वैद्याला शोभत नाही.

पुढील लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णालयात पाठवावे : ताप व सुस्ती, चट्ट्यांवर पू किंवा मधासारखी पिवळी खपली, एकसारख्या आकाराचे, दुखणारे, मध्ये खोलगट फोड झपाट्याने पसरणे, कारण हा नागीण-गटातील विषाणूचा घातक संसर्ग असू शकतो, वजन न वाढणे, आणि एखादा पदार्थ खाल्ल्यावर ओठ-चेहरा सुजणे किंवा श्वास लागणे. अशा वेळी ‘आणखी आठ दिवस पाहू’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

काही सूचना

आपल्या संघटनेने या विषयात पुढाकार घ्यावा असे मला वाटते व त्यासाठी चार सूचना विचारार्थ ठेवतो.

एक, लहान बालकांच्या इसबात काय लावावे, काय लावू नये व केव्हा पाठवावे, याचे एकपानी मराठी पत्रक तयार करून प्रत्येक चिकित्सालयात, औषधालयात व अंगणवाडीत द्यावे. ते आजीला वाचून दाखवता येईल अशा भाषेत असावे.

दोन, सदस्य औषधालयांनी बालकांसाठीच्या प्रत्येक उत्पादनाच्या वेष्टनावर ‘बेस’सह सर्व घटक छापण्याचा निर्णय स्वेच्छेने घ्यावा. कायद्याने हात धरण्याची वाट पाहू नये.

तीन, बिननावाच्या व संशयास्पद मलमांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासण्यासाठी संघटनेने एक लहान निधी उभारावा. तपासणीत स्टेरॉइड निघाल्यास संबंधित प्रशासनास कळवावे. तो आपला सदस्य असला तरीही.

चार, आषाढीच्या वारीत माउलींची पालखी धर्मपुरीवरून जिल्ह्यात येऊन नातेपुत्यास मुक्कामाला असते, तेव्हा लहान मुलांसह चालणारी असंख्य कुटुंबे येथे थांबतात. वैद्यकीय सेवा देणाऱ्या आपल्या बांधवांनी त्या वेळी सुगंधी बालतेलाच्या बाटल्या वाटण्याऐवजी साधा, बिनवासाचा स्नेह व ते एकपानी पत्रक द्यावे.

‘हे सर्व मान्य केले तर आमच्या फडताळावर उरणार काय?’ असा प्रश्न एखादा औषधालयचालक विचारील. उत्तर सोपे आहे. ताजे खोबरेल, चांगली करडई, प्रामाणिकपणे केलेले शतधौत घृत आणि सर्व घटक उघड सांगणारे एक साधे मलम एवढे उरेल, आणि ते पुरेसे आहे. पनवेलच्या श्रीधूतपापेश्वरसारख्या १८७२ मध्ये सुरू झालेल्या संस्था दीडशे वर्षे टिकल्या, त्या डब्यात जे लिहिले आहे तेच आत आहे या लोकांच्या भरवशावर. इसबाने रात्रभर जागणाऱ्या बाळाची माता उद्या सकाळी आपल्या दारात उभी राहील तेव्हा तिला आपण जे देऊ, त्यावर ‘सौम्य’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तो खरा आहे याची खात्री आपण स्वतः करून घेतलेली असावी. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधनिर्मात्यांनी यावर आपली मते अवश्य कळवावीत, ही नम्र विनंती.